हम्फ्री जिंकले असते, तर ग्रीन कार्ड मिळालं असतं का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आलंय. थोडं कापून देते.

"मुलगा अकरावीत आहे. इतिहासाच्या टीचरनी प्रोजेक्ट दिलंय: अमेरिकेची एखादी निवडणूक घ्या, हरलेल्या उमेदवाराला जिंकवा आणि पुढची पाच वर्षं लिहा. त्याने १९६८ घेतलं, निक्सनऐवजी हम्फ्री. सासरे सहा महिन्यांसाठी आलेत. ते म्हणाले, मग एकाहत्तरच्या बांगलादेश युद्धात अमेरिकेचं सातवं आरमार आलंच नसतं. झालं, तेव्हापासून रोज रात्री जेवताना हाच विषय. त्यात आमचे हे उडी मारतात २०१६ वर. 'हिलरी आली असती तर आज हातात ग्रीन कार्ड असतं.' आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहिल्याची तारीख, २०१५ ची. घर घ्यायचं का, परत जायचं का, मुलाच्या कॉलेजचं काय, काहीही विचारा, उत्तर हेच. मग सासरे म्हणतात, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. त्यानंतर बापलेक दोन दिवस बोलत नाहीत. मी काय करू?"

आधी सासऱ्यांचं. आत्याबाईच्या मिशा काढायचा हक्क मराठी माणसाला नाही. विश्वासराव पानिपतावर पडले नसते तर, थोरले माधवराव सत्ताविसाव्या वर्षी गेले नसते तर, या चर्चेत आपण किती पोळ्या गार केल्यात! शिवाय सातव्या आरमाराचा विषय त्यांनीच काढला. जर-तर हा आपल्या घरचा खेळ आहे, फक्त तो खेळताना एक पथ्य पाळायचं. पटावरची एकच सोंगटी उचलायची. मग कोणत्या सोंगट्या हलतात ते बघायचं आणि कोणत्या जागच्या हलत नाहीत, तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहायचं. सासरे, नवरा आणि मुलगा, तिघंही पहिलं करतात आणि दुसरं विसरतात.

मुलाने निवडणूक झकास निवडली आहे. निक्सन यांना ३०१ इलेक्टोरल मतं (राज्यागणिक ठरलेली, अध्यक्ष त्यांवर ठरतो), हम्फ्री यांना १९१, जॉर्ज वॉलेस यांना ४६. प्रत्यक्ष मतांत पहिल्या दोघांतला फरक सुमारे पाच लाखांचा, म्हणजे एक टक्काही नाही. त्याला आधी गणित मांडू दे. कॅलिफोर्नियाची ४०, इलिनॉयची २६ आणि तुमच्याच न्यू जर्सीची १७ फिरवली की हम्फ्री २७४ वर जातात, जिंकायला लागतात २७०. तिन्ही राज्यांत निक्सन थोडक्यातच जिंकले होते. आपण राहतो ते राज्य तेव्हा कुठल्या बाजूला गेलं, हे पोराला कळलं की प्रोजेक्टमध्ये जीव येतो.

मग एकाहत्तर. इथे सासऱ्यांचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. निक्सन पाकिस्तानच्या बाजूला झुकले त्याची दोन कारणं. इंदिरा गांधींवरचा त्यांचा राग टेपवरच रेकॉर्ड झालाय, तो एक. पण मोठं कारण चीन. जुलै १९७१ मध्ये निक्सन यांचे सल्लागार किसिंजर गुपचूप पेकिंगला गेले ते पाकिस्तानातून, आणि मधला निरोप्या होता पाकिस्तानचा राष्ट्राध्यक्ष याह्या खान. त्याला दुखवायचं नव्हतं. म्हणून तर एप्रिलमध्ये ढाक्याचे अमेरिकन कॉन्सल आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलीवर गप्प राहण्याच्या आपल्या सरकारच्या धोरणाविरुद्ध तार पाठवली, तेव्हा वॉशिंग्टनने ब्लड यांनाच तिथून हलवलं. तेव्हा मुलाचा खरा प्रश्न असा: हम्फ्री चीनकडे गेले असते का? मला वाटतं, इतक्या लवकर नाही. डेमोक्रॅट माणूस माओला भेटायला निघाला असता तर निक्सन यांच्याच पक्षाने त्याला सोलून काढला असता. चीन नाही तर निरोप्या नाही, निरोप्या नाही तर ती तार केराच्या टोपलीत टाकणं अवघड झालं असतं. ती तार अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने छापलेल्या कागदपत्रांत आहे, इंटरनेटवर फुकट. मुलाने ती मुळातून वाचावी.

आता सासऱ्यांना न आवडणारं. हम्फ्री शास्त्रीजींच्या अंत्यसंस्काराला जानेवारी १९६६ मध्ये दिल्लीत आले होते, माणूस भारताबद्दल आस्थेचा. पण त्याच वर्षी त्यांचे साहेब, डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष जॉन्सन (हम्फ्री तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष), दुष्काळात आपल्याला गहू मोजून-मापून, हात आखडता घेत देत होते. रेशनवरचा तो पीएल-४८० चा लाल गहू सासऱ्यांनी खाल्ला असेलच. पक्ष बदलला की भारताचं भलं, इतकं सोपं ते तेव्हाही नव्हतं. आणि लढाई ढाक्यात जिंकली गेली. एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात शिरली आणि एक-दोन दिवसांतच १६ डिसेंबर उजाडला. आरमार न येतं तरी शरणागती तीच. या रकान्यात "हललं नाही" असं लिहायचं.

सासऱ्यांना पोराच्या तावडीत द्या, त्यांच्या आठवणी त्याला रेकॉर्ड करू दे. ब्लॅकआउटमध्ये खिडक्यांना काळे कागद कोणी चिकटवले, मोटारींचे दिवे अर्धे काळे कसे रंगवले, भोंगा वाजला की वाड्यातले लोक कुठे जमायचे. वाद घालायची सवय असलेल्या माणसाला साक्षीदार केलं की तो निवळतो. माझे वडील निवळले होते.

तुमच्या यजमानांचं प्रकरण वेगळं. पोराचा जर-तर शाळेचा आहे, त्यांचा घरखर्चाचा. त्यांना तोच खेळ पथ्य पाळून खेळायला लावा. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया मिळून सुमारे ७८ हजार मतांचा फरक होता, तो पुसा आणि हिलरींना बसवा व्हाइट हाउसमध्ये. काय हलेल? एच-४ वाल्या, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या, बायकांचा कामाचा परवाना २०१५ मध्ये ओबामांच्या काळात नियमाने आला, तो काढून घेऊ अशी टांगती तलवार राहिली नसती. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचा आकडा राष्ट्राध्यक्षांच्या एका फर्मानाने आला, तसलंही काही कदाचित नसतं. हे लहान नाही. रात्रीची झोप उडते यानेच, मला माहीत आहे.

पण रांग? नोकरीवरची वर्षाला एक लाख चाळीस हजार ग्रीन कार्डं, त्यात बायकामुलंही मोजायची, आणि कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्के, हे १९९० च्या कायद्यात आहे. थोरल्या बुश यांनी त्यावर सही केली. तेव्हापासून दोन्ही पक्षांचे राष्ट्राध्यक्ष येऊन गेले, सात टक्के तिथेच. तो आकडा काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसदच बदलू शकते. जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहाने देशाची मर्यादा उठवणारं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपलं केलं. दोन मसुदे जुळले नाहीत आणि विषय बारगळला. तेव्हा अध्यक्ष कोण होते? यजमान ज्यांच्या नावाने बोटं मोडतात तेच.

आणि एच-१बीची मुदत सहा वर्षांची, तरी आपण त्यानंतरही त्यावर इथे राहतो ते कशामुळे, हेही त्यांना विचारा. ती सोय ऑक्टोबर २००० च्या कायद्याने झाली, क्लिंटन यांच्या सहीने, मतदानाच्या तीनच आठवडे आधी. मग फ्लोरिडात धाकटे बुश आणि गोर यांच्यात ५३७ मतांवरून रामायण झालं. आमच्या ग्रुपमध्येही तेव्हा "गोर आले असते तर" रोज चालायचं. ज्या कायद्यावर आम्ही सगळे तगलो, त्याचं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं.

या सगळ्यात ज्याच्यावर खरोखर वेळ येतेय तो तुमचा मुलगा. एकविसाव्या वर्षी त्याचा एच-४ संपतो. वयाच्या हिशेबातून आय-१४० (कंपनीचा ग्रीन कार्डसाठीचा अर्ज) मंजूर व्हायला लागलेले दिवस वजा होतात खरे, पण तुम्ही तेव्हा लवकर निकालासाठी प्रीमियमचे पैसे भरून पंधरा दिवसांत मंजुरी आणली असेल तर वजा करायला तेवढेच दिवस. (आम्ही तर पेढे वाटले होते.) एकविसाच्या आत डेट करंट झाली नाही, म्हणजे रांगेत तुमचा नंबर आला नाही, तर त्याला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल. केंद्र सरकारची शिक्षणमदत त्याला एच-४ वरही नाही. फी राज्यातल्या मुलांची की बाहेरच्यांची, हे राज्यागणिक, कॉलेजगणिक बदलतं. ते कॉलेजकडून लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काकांकडून नको. वकिलाची एक तासाची वेळ याच महिन्यात घ्या आणि यजमानांसोबत मुलालाही न्या. सतरा वर्षांच्या मुलापासून हे लपवून त्याला निक्सनच्या टेप ऐकायला लावणं बरं दिसत नाही.

घराबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगते: पाच वर्षं इथे राहणार असाल आणि हप्ता एका पगारात बसत असेल तर घ्या, नाहीतर भाड्याने राहा. या दोन ओळींत कुठल्याही राष्ट्राध्यक्षाचं नाव येत नाही. परत जायचं का, हे मात्र मी ठरवणार नाही. ते तुम्ही दोघांनी, सासरे झोपल्यावर बोला.

त्यांचं परतीचं तिकीट कधीचं आहे? रेकॉर्डिंग त्याआधी उरका. फोनवर घेऊ म्हणाल तर ते होत नाही, पलीकडून नुसतं "जेवलास का?" ऐकू येतं.