वाचकांचे प्रश्न : जोराच्या वाऱ्यासाठी शीड घ्यायचंय, पण केवढं?

प्रश्न : नमस्कार. मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. मेहुण्याबरोबर भागीत एक जुनी 30 फुटी यॉट घेतलीये, ती मुंबईला असते. सीझनमध्ये रात्रीच्या गाडीने जाऊन अलिबाग, मुरुड, एकदा गोव्यापर्यंत जाऊन आलोय. पुढे रोलरवर गुंडाळायचा जेनोआ (पुढचं मोठं शीड) आहे, मेनसेलला म्हणजे मुख्य शिडाला दोन रीफ (शीड बांधून लहान करायची सोय). आता स्टॉर्म जिब, म्हणजे वादळी वाऱ्यासाठीचं पुढचं छोटं शीड, घ्यायचं म्हणतोय. शिडं शिवणाऱ्याने 8 चौरस मीटरचं सुचवलं, मेहुणा म्हणतो खर्च कशाला, जेनोआच अर्धा गुंडाळू. पुढच्या त्रिकोणाची उंची, म्हणजे डेकपासून स्टे (डोलकाठीला पुढून धरणारी तार) जिथे काठीला लागतो तिथपर्यंत, 10 मीटर भरते. काय करावं?

उत्तर : आधी मेहुण्यांच्या मुद्द्याचं बोलू, कारण तो चुकीचा असला तरी तसं वाटणं साहजिक आहे आणि मीही बरीच वर्षं तेच करत होतो. मार्चमधली दुपार, रेवदंड्याच्या बाहेर वायव्येचा वारा 25 नॉटच्या (ताशी साधारण 46 किमी) वर गेलेला, जेनोआ अर्धा गुंडाळलेला आणि रोलरची दोरी क्लीटमधून (दोरी अडकवायच्या खुंटीतून) सटकली. एका क्षणात अख्खा जेनोआ उघडला, असा फडफडायला लागला की आख्खी काठी थरथरत होती, आणि शीटची, म्हणजे शीड ओढायच्या दोरीची, गाठ माझ्या मित्राच्या दंडावर बसली, ती जागा दोन आठवडे काळीनिळी होती. त्या एका दोरीवर सगळा भरवसा टाकायचा नाही, हे तेव्हा पटलं.

आणि दोरी टिकली तरी अर्ध्या गुंडाळलेल्या जेनोआचा आकार बिघडतो. पुढच्या कडेला कापडाचा जाड गठ्ठा होतो, मागे पोट सुटतं, बोट कलते जास्त आणि वाऱ्यावर, म्हणजे वारा येतो त्या दिशेला, चढते कमी. वारा बोटीला किनाऱ्याकडे ढकलत असेल तर वाऱ्यावर चढता येणं हेच तर हवं असतं! त्यात वारा 15 नॉटचा 30 झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो, आणि जेनोआचं कापड हलक्या वाऱ्यासाठीच निवडलेलं असतं.

आता आकार. वर्ल्ड सेलिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ऑफशोअर (खोल समुद्रातल्या) रेसच्या नियमांत स्टॉर्म जिबची मर्यादा त्या उंचीच्या वर्गाच्या 5 टक्के आहे आणि हेवी वेदर जिबची (जोराच्या वाऱ्यासाठीच्या, त्याहून मोठ्या शिडाची) 13.5 टक्के. तुमच्या 10 मीटरचा वर्ग 100, म्हणजे स्टॉर्म जिब जास्तीत जास्त 5 चौरस मीटर. 8 वालं हे स्टॉर्म जिब नाहीच, ते हेवी वेदर जिबमध्ये बसतं. पण म्हणून ते नाकारू नका. तुम्ही पावसाळ्यात बोट बाहेर काढत नाही, किनारा धरून जाता, तुम्हाला दुपारचा 25-30 नॉटचा वारा सीझनमध्ये कितीतरी वेळा भेटणार आणि 45 चा कदाचित कधीच नाही. माझं मत विचाराल तर 8 चंच शिवा, पण त्यातच एक रीफ घालून घ्या, जो ओढला की 5 वर येईल. कापड जाड डेक्रॉन (पॉलिएस्टर), कार्बन-केवलार नको, रंग भडक नारिंगी. शिडाची खालची कड उंच कापलेली हवी आणि टॅकला (पुढच्या खालच्या कोपऱ्याला) फूटभर दोर, म्हणजे नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, आलेली लाट शिडात न भरता खालून निघून जाते.

पण खरा खर्च शिडाचा नाहीये, तारेचा आहे. रोलरच्या खाचेत नवं शीड घालायचं तर आधी जेनोआ पूर्ण उघडून खाली घ्यावा लागतो, 30 नॉटमध्ये दोन माणसांनी नाळेवर जाऊन हे करायचं म्हणजे संकटच. त्यापेक्षा जेनोआच्या मागे एक वेगळा, काढता-घालता येणारा इनर स्टे (आतली तार) बसवा. तो काठीच्या टोकाजवळ लागला तर बहुतेक वेळा रनिंग बॅकस्टे (काठीला मागून ताणणाऱ्या, सैल-घट्ट करता येणाऱ्या तारा) लागत नाहीत, बराच खाली लागला तर लागतात. डेकवरची त्याची कडी नुसती फायबरवर स्क्रूने बसवून चालणार नाही, खालच्या मजबूत बल्कहेडला (आतल्या आडव्या भिंतीला) किंवा टाय रॉडने (धातूच्या दांड्याने) बोटीच्या सांगाड्याला बांधलेली हवी, नाहीतर डेकच उचकटेल. हे काम रिगिंगवाल्याला स्वतः आत वाकून बघायला लावा, फोटोवरून ठरवू देऊ नका.

मेनसेलला तिसरा रीफ त्याच वेळी शिवून घ्या, खोल घ्या, लफ, म्हणजे शिडाच्या पुढच्या कडेची लांबी, 40 टक्क्यांनी तरी कमी व्हायला हवा. ट्रायसेलच्या (वादळात मेनसेलऐवजी लावायच्या छोट्या शिडाच्या) मागे आत्ता लागू नका. लक्षद्वीपकडे जायचं ठरलं तर ट्रायसेल आणि वेगळं 5 चं स्टॉर्म जिब या दोन्हींचा विचार करू, तेव्हा परत लिहा.

शीड हातात आलं की पिशवीतच सुकाणूवाल्याजवळच्या लॉकरमध्ये ठेवा, शीट आधीच बांधलेले, आणि टॅक, हेड (वरचा कोपरा), क्लू (मागचा खालचा कोपरा) असं मार्करने तिन्ही कोपऱ्यांवर मोठ्ठं लिहा. मग नांगरावर असताना हातमोजे ओले करून दोघांनी एकेकदा ते चढवून बघा. हँक (शीड तारेला अडकवायचे हुक) ओल्या मोज्याने उघडत नसतील तर पिनांना लहान दोरीचे फास लावून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.