सिम्फनीच्या फॉर्मला स्वतःचा एचटीएमएल लावला की व्हॅलिडेशन चालत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की डिझायनरने दिलेला एचटीएमएल ट्विगमध्ये, म्हणजे सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कच्या टेम्प्लेटमध्ये, चिकटवला आणि आता सबमिट केलं की फॉर्म गपचूप तसाच परत येतो, एकही एरर दिसत नाही. हेच मी इथे कोथरूडमधल्या एका ट्रेकिंग ग्रुपचा नोंदणी फॉर्म करताना भोगलंय, अख्खा शनिवार गेला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिम्फनीचं व्हॅलिडेशन, म्हणजे भरलेली माहिती तपासणं, एचटीएमएलमध्ये नसतंच मुळी. मोबाइल नंबर 10 आकडी हवा, पिनकोड 411038 सारखा 6 आकडी हवा, हे नियम एन्टिटीवर (ज्या क्लासमध्ये फॉर्मची माहिती साठते त्यावर) नाहीतर फॉर्म क्लासमध्ये असतात, त्यामुळे डिव्ह, क्लास, रचना काहीही बदला, त्यांना धक्का लागत नाही. धक्का लागतो तो इनपुटचं नेम बदललं की. फॉर्मचं नाव ट्रेक असेल तर सिम्फनीला नेम हवं ट्रेक[मोबाइल], आणि डिझायनरने लिहिलेलं असतं नुसतं मोबाइल. सगळीच नेम अशी असली तर सिम्फनीला आपला फॉर्म सबमिट झालाय हेच कळत नाही, मग एरर येणार कुठून? तुमचं बहुतेक हेच झालंय.

म्हणून इनपुट हाताने लिहूच नका. फॉर्म_रो (अख्खं फील्ड एकदम छापणारं ट्विग फंक्शन) काढा आणि त्या जागी फॉर्म_लेबल, फॉर्म_एरर्स, फॉर्म_विजेट (खुद्द इनपुट) असे तीन तुकडे डिझायनरच्या डिव्हमध्ये हवे तिथे बसवा, सीएसएस क्लास विजेटला ॲट्र या ऑप्शनमधून द्या. चुकलेल्या फील्डला लाल बॉर्डर हवी असेल तर त्या फील्डच्या व्हार्समधलं (ट्विगला मिळणाऱ्या फील्डच्या माहितीतलं) व्हॅलिड तपासून क्लास लावता येतो. आणि अगदी वर पूर्ण फॉर्मचं फॉर्म_एरर्स टाकाच, कारण सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय हे तपासणारं लपलेलं फील्ड) चुकल्याची एरर कुठल्याच फील्डखाली येत नाही, ती तिथेच येते.

इनपुट हातानेच लिहायची वेळ आली तर नेम व्हार्समधल्या फुल_नेममधून घ्या, पण मग फॉर्म_एन्डला (फॉर्म बंद करताना उरलेली फील्ड छापणाऱ्या फंक्शनला) ते फील्ड छापलंय हे माहीत नसतं, तो तेच फील्ड खाली परत छापतो. लोक वैतागून रेंडर_रेस्ट फॉल्स करतात, म्हणजे उरलेलं काही छापूच नको असं सांगतात, आणि त्यात टोकनही उडतं, मग टोकनची रो स्वतः लिहावी लागते. त्यापेक्षा त्या एका फील्डवर सेटरेंडर्ड करा, म्हणजे ते छापून झालंय असं धरलं जातं.

दोन-तीन फॉर्मना हीच रचना लागणार असेल तर मात्र सरळ फॉर्म थीम करा, मला तरी हाच रस्ता सगळ्यात चांगला वाटतो, एका ट्विग फाइलमध्ये फॉर्म_रोचा ब्लॉक आपल्या एचटीएमएलने लिहायचा आणि टेम्प्लेटमध्ये ती थीम लावायची, मग प्रत्येक ठिकाणी नुसतं फॉर्म_रो पुरतं.

अजून एक, फील्डला रिक्वायर्ड ट्रू असलं म्हणजे सर्व्हर तपासतो असं नाही हं, ते फक्त ब्राउझरसाठी असतं, सर्व्हरला नॉटब्लँक (रिकामं चालणार नाही असा नियम) लागतंच. टेस्ट करताना फॉर्म टॅगला नोव्हॅलिडेट (ब्राउझरची तपासणी बंद करणारं ॲट्रिब्यूट) लावा, नाहीतर ब्राउझरच मध्ये अडवतो आणि तुमच्या एरर दिसतायत का ते कळतच नाही.

आधी ब्राउझरमध्ये पेज सोर्स उघडून मोबाइलच्या इनपुटचं नेम काय आलंय ते बघा आणि तेवढी ओळ इथे टाका, मी संध्याकाळी बघतो.