बरगडी तळायची, पण आधी शिजवायची

पोर्क रिब्स घरी तळण्याबद्दल गेले काही आठवडे प्रश्न येत आहेत. त्यातले निम्मे एकाच गोंधळाचे आहेत: पोर्कमधला जंत. मी पशुवैद्यक आहे, मांसाची तपासणी आणि स्वच्छता हा माझा विषय. त्यामुळे स्वयंपाकाचे प्रश्नही मी त्याच बाजूने बघते.

प्रश्न : आलं-लसूण, मिरपूड लावून रिब्स रात्रभर मुरवल्या आणि थेट कढईत सोडल्या. पाच मिनिटांत बाहेरून काळ्या, आत चिवट. कुठे चुकलं? (वानवडी)

घाई झाली. बरगडीच्या मांसात कोलॅजनचे चिवट तंतू भरपूर असतात. ते विरघळायला मांसाचा आतला भाग 85 ते 95 अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो आणि तिथे काही वेळ राहावाही लागतो. कडक तेलात मसाला त्याच्या कितीतरी आधी जळतो. म्हणून आधी शिजवा, मग तळा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तास-सव्वा तास जाईल, त्यापेक्षा कुकर बरा.

खाटिकाकडूनच हाडासकट दोन-दोन इंचांचे तुकडे करून आणा. घरी हाड फोडलं की बारीक कपच्या मांसात राहतात. मुरवायचं भांडं फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर नको. कुकरमध्ये कपभर पाणी घाला, पहिली शिट्टी झाली की आच मंद करून 12 ते 15 मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जाऊ द्या. मग तुकडे निथळून, टिपून, ताटात पसरून कोरडे करा. बोटाला ओलसर लागले तर थांबा, कारण ओला तुकडा तेल अंगावर उडवतो. तांदळाचं पीठ आणि कॉर्नफ्लोअर समप्रमाणात लावून 180 अंशांच्या तेलात एका वेळी चार-पाच तुकडे सोडा. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतील, आवाजही जोरात होईल. दोन-तीन मिनिटांत बुडबुडे बारीक होतात, आवाज उतरतो. तेव्हा झाऱ्याने काढा. कुकरमधलं पाणी फेकू नका, त्याचा रस्सा उत्तम होतो.

प्रश्न : हाडाजवळ लालसर दिसतं म्हणजे कच्चं ना? (औंध)

नाही, आणि तपकिरी दिसलं म्हणजे शिजलं असंही नाही. हाडातल्या मगजाचा रंग पूर्ण शिजलेल्या मांसातही उतरतो. मांसात टोचायचा थर्मामीटर घ्या, टोक हाडाला न लावता जाड भागात घाला. 63 अंश आणि वर तीन मिनिटांची विश्रांती, इतकं सुरक्षिततेसाठी पुरतं. मऊपणासाठी 90च्या आसपास जा. घरात गरोदर बाई असेल किंवा कुणाची केमोथेरपी चालू असेल, तर पोर्क द्यायचं की नाही हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : पोर्कमुळे स्वाइन फ्लू होतो का? (कर्वेनगर)

नाही. 2009 साली पुण्याने तो फार जवळून पाहिला, तेव्हाही तो माणसाच्या खोकल्या-शिंकेतूनच पसरत होता. ताप आणि धाप असेल तर डॉक्टर गाठा.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला तीन महिन्यांत दोनदा फिट आली. आई म्हणते, पोर्क खाल्ल्याने मेंदूत जंत गेला. घरात पोर्क बंद केलंय. जंताच्या गोळ्या देऊन महिनाभर वाट पाहावी का? (हडपसर)

एक दिवससुद्धा वाट पाहू नका. आणि गोळ्या तर मुळीच देऊ नका.

आधी जंताचं नीट समजून घ्या, कारण हा गैरसमज सुशिक्षित घरांतही पक्का बसला आहे. अर्धवट शिजलेल्या पोर्कमधली जंताच्या अळीची जिवंत गाठ पोटात गेली तर आतड्यात पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा चपटा जंत, वाढतो. मेंदूतल्या गाठी थेट त्या घासातून होत नाहीत. ज्याच्या आतड्यात हा कृमी आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती दूषित पाण्यातून, कच्च्या भाजीतून, न धुतलेल्या हातांतून कुणाच्या तोंडात गेली की त्यातल्या अळ्या रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचतात. म्हणून जन्मात मांस न खाल्लेल्या लोकांच्या एमआरआयमध्येही या गाठी सापडतात. डुकराच्या मांसात गाठ येते तीसुद्धा त्याने माणसाची विष्ठा खाल्ल्यामुळे. दोष द्यायचाच तर उघड्यावरच्या शौचाला आणि सांडपाण्यावर पिकवलेल्या भाजीला द्या. नुसतं पोर्क बंद करून तुमचं घर सुरक्षित झालेलं नाही. घरात कुणाच्या शौचात फितीसारखे चपटे पांढरे तुकडे दिसतात का ते विचारा. दिसत असतील तर त्या व्यक्तीलाही डॉक्टरांकडे न्या.

आता गोळ्या. मेंदूत गाठी असताना जंताचं औषध आपल्या मनाने दिलं, तर मरणाऱ्या गाठींभोवती सूज येऊन फिट वाढू शकते. ते औषध द्यायचं का, आणि त्याआधी सुजेवरचं औषध हवं का, हे मेंदूविकारतज्ज्ञ स्कॅन बघून ठरवतात. शिवाय फिटची कारणं अनेक असतात, जंत हे त्यातलं एक. तपासणीआधीच निदान कसलं करता?

पुन्हा फिट आली तर भावाला कुशीवर वळवा. चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल. डॉक्टर परवानगी देईपर्यंत त्याला दुचाकी चालवू देऊ नका, आणि तापलेल्या कढईपाशी एकटं उभं करू नका.

प्रश्न : अ‍ॅपवर ‘शंभर टक्के जंतमुक्त, रेडी टू फ्राय’ रिब्स मिळतात. दुप्पट किमतीच्या आहेत. घ्याव्यात का? (बाणेर)

पाकिटाच्या पुढच्या बाजूला काहीही छापता येतं. मागची बाजू वाचा: एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी परवाना क्रमांक, पॅकिंगची तारीख, घटक. घटकांत पाणी, मीठ आणि मांसात पाणी धरून ठेवणारं फॉस्फेट असेल तर तुम्ही मांसाच्या भावाने पाणी घेत आहात. वर ते पाणी तेलात तडतडतं. ‘जंतमुक्त’ हा शब्द मला संतापजनक वाटतो, कारण त्याच्या भरवशावर लोक कमी शिजवतात. उणे 15 अंशांना तीन दिवस ठेवलं की पट्टकृमीच्या गाठी मरतात हे खरं, पण वाटेत पाकीट किती वेळ तेवढं थंड होतं हे तुम्हाला कोण सांगणार? विक्रेत्याला मांस कुठून आलं, कत्तलीच्या वेळी पशुवैद्यकाने तपासलं का, हे विचारा. मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा थोड्या मोठ्या पांढुरक्या गाठी दिसल्या तर ते खाऊ नका, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

प्रश्न : तळणीचं तेल पुन्हा वापरावं का? (सहकारनगर)

एकदा, गाळून, दोन-तीन दिवसांत, तेही फोडणीला. काळं, चिकट झालेलं किंवा फेसाळणारं तेल टाकून द्या. हॉटेलांसाठी नियम आहे की तेलातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल तापून खराब होताना त्यात तयार होणारे पदार्थ, 25 टक्क्यांच्या वर गेली तर ते वापरायचं नाही. ती मोजायचं साधन तुमच्या घरी नाही, म्हणून कंजुषी नको.

प्रश्न : वडिलांची अँजिओप्लास्टी झाली आहे. दोन तुकडे चालतील? (कोथरूड)

त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : फ्रीझरमधून काढलेल्या रिब्स थेट तेलात टाकल्या तर? (पिंपळे सौदागर)

बर्फाची वाफ होते आणि तेल उसळून बाहेर येतं. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. कढईत तेल निम्म्याच्या वर नको. पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण ठेवा, पाणी ओतू नका. भाजलं तर 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट-हळद काही लावू नका. फोड तळहातापेक्षा मोठा असेल किंवा चेहऱ्यावर असेल, तर लगेच हॉस्पिटलमध्ये जा.