जुन्या स्टीलच्या रोड सायकलला मागे नऊ गिअर बसवू की सायकलच बदलू?

सायकल सहा गिअरची, रिम लोखंडी, बजेट कमी, असं तुम्ही लिहिलंय. गिअर जरा बाजूला ठेवा, आधी फ्रेम बघा. हँडलच्या नळीमागे, तिरक्या खालच्या नळीच्या पोटाला रंग सुरकुतलेला किंवा फुगलेला दिसला, तर सायकल समोरून जोरात आदळलेली आहे. तिच्यावर खर्च करू नका. सीटचा दांडा आणि हँडलचा स्टेम (हँडल धरणारा दांडा) ओढून बाहेर निघतो का तेही बघा. स्टीलमध्ये अडकलेला अॅल्युमिनियमचा दांडा गंजून असा जखडतो की कधीकधी कापूनच काढावा लागतो.

फ्रेम शाबूत असेल तर पैसा चाकांत घाला. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक जवळजवळ लागतच नाही, अॅल्युमिनियमच्या रिमने हा फरक पहिल्या पावसातच कळतो. टायरवरचा आकडा वाचा. ६३० असेल तर २७ इंची, ६२२ असेल तर ७००सी मापाचं चाक. ६३० काढून ६२२ बसवलं की रिमची कड ४ मिमी आत जाते, म्हणून ब्रेकचं रबर तेवढं खाली सरकतं का ते आधीच मोजा. नाहीच सरकलं तर लांब हाताचे ब्रेक घ्यावे लागतील.

मागचं चाक काढून, ते जिथे बसतं त्या फ्रेमच्या दोन टोकांमधलं आतलं अंतर मोजा. सहा गिअरच्या सायकलीत ते बहुधा १२६ मिमी असतं, आठ-नऊ गिअरच्या रोड हबला (चाकाच्या मधल्या भागाला) १३० लागतं. स्टीलची फ्रेम दोन्ही बाजूंनी २-२ मिमी कायमची वाकवता येते, पण दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते दोरी ताणून तपासा. अॅल्युमिनियम किंवा कार्बनला हा प्रयोग करू नका, तडा जातो.

नऊचा हट्ट मात्र सोडा. आठचे कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) आणि चेन स्वस्त पडतात. शिवाय तुमचे शिफ्टर (गिअर बदलायचे लिव्हर) टकटक न करणारे, नुसत्या घर्षणावर थांबणारे असतील तर तेच चालतात. ब्रेक-गिअर एकत्र असलेल्या महागड्या लिव्हर लागतच नाहीत. कॅसेट आणि चेन मात्र एकदमच बदला, झिजलेल्या दात्यांवर नवी चेन उड्या मारते.

क्रँक (पेडलचा दांडा) कॉटर पिनचा, म्हणजे आडव्या खिळीने बसवलेला असेल आणि खालच्या बेअरिंगची नळी ६८ मिमीऐवजी ७० मिमी रुंद, म्हणजे बहुधा इटालियन आट्यांची निघाली, तर तिथे थांबा. चाकं, ब्रेक, क्रँक सगळंच बदलायचं असेल तर वापरलेली आठ-नऊ गिअरची अख्खी सायकल स्वस्त पडेल.