दिवसाला चाळीस टाके

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंजवडीत नोकरी, सकाळी आठला कंपनीची बस, घरी पोचेपर्यंत साडेसात, मग मुलाचा अभ्यास आणि स्वयंपाक. हौसेनं मागवलेला राधाकृष्णाचा क्रॉस स्टिचचा, म्हणजे घरं मोजून फुलीच्या टाक्यांनी भरायचा किट दोन वर्षं कपाटात पडून आहे. एक मोरपीस आणि अर्धा मुकुट, एवढंच झालंय. नोकरी करणाऱ्या बायका हे बसवतात कुठे? आणि जाता जाता तुम्ही असंही विचारलंय, की सुई घेऊन बसलं की अपराधी वाटतं, त्याचं काय करायचं?

मी डोंबिवलीहून रोज मुंबईला जाते, हिशेबखात्यात आहे, आणि नोकरी लागायच्या आधीपासून हे करतेय. म्हणून पहिल्यांदा हिशेबाचंच बोलते.

तुमच्या किटवर २४० बाय ३०० घरं लिहिलंय ना? म्हणजे ७२,००० टाके. सवयीचा हात तासाला शंभर-सव्वाशे फुल्या घालतो, त्यातही रंग बदलणं, मोजणं, उसवणं आलं. १२० धरले तरी ६०० तास. नोकरीच्या दिवशी खरोखर सुटे मिळतात ते वीस मिनिटं, म्हणजे चाळीस टाके. रोज न चुकता बसलात तरी १,८०० दिवस. पाच वर्षं! तुमच्यात काही कमी नाहीये, किटच तुमच्या दिवसाच्या मापाचा नाहीये. रिकाम्या घरात रिकाम्या दुपारी असणाऱ्या माणसासाठी तो काढलाय.

आता हेच उलटं करा. चौदा काउंटच्या आयडा कापडावर (चौकटीच्या विणीचं कापड, इंचाला चौदा घरं) ४५ बाय ६० घरांचं एखादं तुळशीवृंदावन घ्या. मागची जागा मोकळी सोडली तर साधारण दीड हजार टाके होतात. रोजच्या चाळीसनं सव्वा महिना. मधले आठ-दहा दिवस पाहुणे, ताप, क्वार्टर एंड यात गेले तरी दोन महिन्यांच्या आत सव्वाचार इंची चित्र हातात. वस्तू पुरी होण्याची जी मजा असते ती वर्षातून चार-पाच वेळा मिळायला हवी, तर हात टिकतो.

छोटे नमुने शोधायला फार लांब जायला नको. धारवाडकडची कसुती, म्हणजे तिथली भरतकामाची कला बघा. तीही कापडाचे धागे मोजूनच करतात, गाठ न मारता. इरकलीच्या पदरावरची गोपुरं, रथ, हत्ती, वृंदावन हे सगळे सुटे सुटे नमुने आहेत, एकेक करून पुरे होणारे. तिच्या चार टाक्यांपैकी मेंथी म्हणजे आपली फुलीच. सोलापूर-कोल्हापूरकडे कोणाच्या आजीकडे अशी साडी असेल तर फोटो काढून आणा आणि चौकटीच्या वहीत उतरवून घ्या.

आता वेळेचं. वीस मिनिटं मिळणं कठीण नसतं, ती मिळाल्यावर पहिली बारा मिनिटं पिशवी शोधण्यात, दोरा ओवण्यात आणि 'मी नेमकी कुठे होते' यात जातात, ही खरी अडचण. त्यामुळे माझी निम्मी तयारी रविवारी होते. जाड लग्नपत्रिका असतात ना, ज्या टाकवत नाहीत, त्यांच्या कडेला पंच मशीननं भोकं पाडते. प्रत्येक भोकात एका रंगाचा दोरा अडकवायचा, बाजूला चार्टवरची (किटमधल्या नमुन्याच्या चौकटींच्या कागदावरची) खूण आणि रंगाचा नंबर लिहायचा. लडी आठ मीटरची असते, तिचे हातभर, म्हणजे बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंतचे तुकडे आधीच कापून ठेवायचे. जास्त लांब दोरा घेतला की तो पिंजतो आणि गुंता होतो. सुयांची कंजुषी करू नका. चौदा काउंटला बोथट टोकाची २४ नंबरची सुई लागते, अशा पाच-सहा सुया आठवड्याचे रंग ओवून स्पंजच्या तुकड्यात टोचून ठेवा. मंगळवारी रात्री साडेनऊला सुईत दोरा ओवायचा नसेल तर बसणं निम्मं सोपं होतं. विशेषतः चाळिशी लागली असेल तर.

सुरुवात करायची एक पद्धत इथे सांगतेच, कारण तिनं मागचा गिचमिडपणा जातो. दोरा सहा पदरी असतो आणि चौदा काउंटला दोन पदर लागतात. दोन वेगळे पदर घेण्याऐवजी एकच पदर दुप्पट लांबीचा घ्या, मधोमध दुमडा आणि दोन्ही मोकळी टोकं सुईत ओवा. सुईच्या विरुद्ध टोकाला आता फासा आहे. सुई मागून वर काढा, फासा मागे थोडा राहू द्या, तिरका अर्धा टाका घालून सुई मागे न्या आणि त्या फाशातून ओढून घ्या. गाठ नाही, शेपूट नाही. पहिल्यांदा जमलं की उगीचच चार ठिकाणी करून बघाल.

आणि थांबायचं कुठे हे ठरवून थांबा. एक रंग संपला, आता उद्या नवा, असं कधीच करू नका. रंग अर्ध्यात, ओळ अर्ध्यात, सुई ओवलेली, पुढची चार घरं कोणती ते नुसतं बघून कळतंय, अशा जागी ठेवा. दुसऱ्या दिवशी चार्ट न उघडता पहिले चार टाके पडतात आणि मग आपण बसलेलोच असतो. कापडावर दर दहा घरांवर पाण्यानं जाणाऱ्या पेनानं रेघा मारून घ्या, मोजणं निम्मं होतं. मात्र त्या रेघा धुवायच्या आधी इस्त्री लावू नका, उष्णतेनं शाई पक्की बसते. इस्त्रीनं पुसली जाणारी पेनं मिळतात, ती मी वापरत नाही. ती शाई कडक थंडीत परत उमटते. आपल्याकडे तशी थंडी नाही, पण माझी भाची कॅनडात आहे आणि निम्म्या भेटवस्तू तिकडेच जातात.

मी कामाचे दोन भाग करते. डोकं लागणारं आणि नुसता हात चालणारं. बाह्यरेषा मोजणं, नवीन रंग कुठून सुरू करायचा ते ठरवणं, तोंडाचा नाजूक भाग, हे रविवारी सकाळी, उजेडात, चहा घेऊन. एकाच रंगाची पानं, आभाळ, साडीचा काठ भरणं हे थकलेल्या रात्रींसाठी राखून ठेवायचं. दिवसभर आकडे बघून आल्यावर पुन्हा घरं मोजायची म्हणजे दुसरं ऑफिसच! बऱ्याच जणींचा कंटाळा इथून सुरू होतो असं माझं निरीक्षण आहे. रात्री चुकीचं मोजायचं, सकाळी उसवायचं, आणि मग रिंग (कापड ताणून धरणारी गोल कडी) पलंगाखाली.

प्रवासात करावं का? मी लोकलमध्ये करते, खिडकीजवळ बसायला मिळालं तरच, आणि तेही भरण्याचंच काम, चार इंची रिंगवर. आमच्या डब्यात कोणी मटार सोलतं, कोणी क्रोशा घेऊन असतं, त्यामुळे कोणी वळूनही बघत नाही. बसमध्ये मात्र मला मळमळतं आणि हिंजवडीच्या रस्त्यावर तुम्हालाही बहुतेक तेच होईल. बसमध्ये डोळे मिटून गाणी ऐका. प्रत्येक मोकळं मिनिट भरायलाच हवं असं काही नाही. जेवणाच्या सुट्टीतही मी सुई काढत नाही, कारण डब्यात लोणचं असतं आणि पांढऱ्या कापडाला हळद-तेल लागलं की संपलं. घरीही हात साबणानं धुऊन, पुसून, मगच. केसांना तेल लावल्याच्या दिवशी सुट्टी.

पावसाळ्यात आणखी एक. काम संपलं की रिंग रोज काढा. जून-जुलैत कापड ताणलेलं तसंच राहिलं तर कडेनं मळकट वर्तुळ पडतं, ते नंतर फार छळतं. तुमचा किट कापडावरच रंगीत छापलेला असेल तर पूर्ण होईपर्यंत त्याला पाणी लागू देऊ नका. ती छपाई धुतल्यावर जाण्यासाठीच असते, पिशवी भिजली तर मधूनच जाईल. काळ्या कापडावर काम असेल तर मांडीवर पांढरा पंचा पसरा, भोकं दिसायला लागतात.

'रोज किमान एवढे टाके' असे वर्षभराचे संकल्प करणारे गट असतात, फोटो टाकायचे, खंड पडला की हळहळायचं. काहींना मानवतं. मला ते हजेरीचं मस्टर वाटतं. मार्च महिन्यात मी सुईला हात लावत नाही, आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी पत्रिकेवर नवे दोरे लावायला बसते तेव्हा जे वाटतं त्यासाठी तो खंड हवाच. वडापावच्या पैशात एक लडी येते. पगार झाला की दादरला उतरून काही काम नसताना एखादी शेवाळी किंवा विटकरी लडी घ्यायची, ती कशात वापरायची हे माहीत नसताना, हीसुद्धा या छंदातली मोठी चैन आहे. टाका न घालताही मिळते.

आता अपराधी वाटण्याचं. फोन घेऊन तासभर लोळणाऱ्याला घरात कोणी 'याचा उपयोग काय' विचारत नाही. सुई दिसते, म्हणून विचारतात. आमच्याकडेही विचारायचे. मी उत्तरं देणं सोडलं आणि रोजची जागा ठरवली: जेवणानंतर, ओटा आवरल्यावर, टीव्हीच्या उजव्या हाताची खुर्ची, तिथला दिवा. काही महिन्यांनी ती खुर्ची आपोआप माझी झाली. मुलगा तिथे अभ्यासाला बसू देत, तुम्ही शेजारी सुई घेऊन बसा. पाढे ऐकताना हात मोकळेच असतात.

'ऑर्डर घेत जा' म्हणणारे भेटतील. त्यांना तास मोजून दाखवा. त्या छोट्या वृंदावनाला बारा-तेरा तास लागतात, तुमच्या पगाराच्या तासाच्या दरानं किंमत सांगा, विषय तिथेच मिटतो. शिवाय ऑर्डरीला तारीख असते.

राहिला राधाकृष्ण. टाकू नका, पण लगेच पुढेही नेऊ नका. कापड घडीवर पिवळं पडू नये म्हणून घडी सोडून जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवा. चार्टची झेरॉक्स काढा आणि त्यातलं एखादं मोरपीस किंवा नुसती बासरी आणि हात एवढाच चौकोन पेनानं आखून घ्या. दोरे किटमध्ये आहेतच. आयडाचा वेगळा तुकडा पुण्यात बोहरी आळीत मिळेल, आजूबाजूला दोन-दोन इंच जास्त धरून घ्या, नाहीतर फ्रेमवाला कडा दुमडताना कुरकुर करतो. मोरपीस एकदा घातलेलं आहेच, रंगांचा क्रम हाताला माहीत आहे, तेव्हा तिथूनच सुरू करा. कापड आणलंत की किती बाय किती घरं येतात ते इथे लिहा, दोऱ्यांचा अंदाज सांगते.