पेनड्राइव्हवरून उबुंटू चालतं, पण इन्स्टॉल करताना एसएसडीच दिसत नाही. काय करावं?

तुम्ही दिलेली माहिती आधी मांडते, म्हणजे पुढे कोणी वाचलं तरी कळेल. दहाव्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, त्यावर विंडोज ११. ते ठेवून शेजारी उबुंटू २४.०४, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकायचंय. पेनड्राइव्हवरून उबुंटू व्यवस्थित सुरू होतं, वायफायसुद्धा लागतं, पण इन्स्टॉलर विचारतो कुठे टाकू आणि यादीत तुमची डिस्कच नाही. वर दुकानदाराने सांगितलंय की लिनक्सने एसएसडी लवकर जाते.

डिस्क ठणठणीत आहे. विंडोज तिच्यावरूनच चालतंय की! ती लिनक्सपासून लपवली गेलीय, आणि लपवणारं सेटिंग तुमच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅममध्ये, आहे.

खात्री करून घ्या. पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू करा, टर्मिनल उघडा आणि कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग, म्हणजे डीमेसेज, सुडो (प्रशासकाचे हक्क देणारी कमांड) लावून बघा. त्यात एएचसीआय या शब्दाच्या आसपास दोन ओळी सापडतील. पहिली म्हणते की एक 'रीमॅप्ड' एनव्हीएमई डिव्हाइस सापडलं. दुसरी सरळ सल्लाच देते: ते वापरायचं असेल तर बायोस रेडवरून एएचसीआयवर न्या. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवायची पद्धत, एएचसीआय ही साधी पद्धत. इतकं स्वच्छ निदान कर्नल क्वचितच करतो, पण ते वाचायला कोणी जात नाही आणि लोक पेनड्राइव्ह पुन्हा पुन्हा बनवत बसतात.

हे असं का होतं? इंटेलचं रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी, म्हणजे आरएसटी, नावाचं प्रकरण आहे. ते चालू असलं की एनव्हीएमई डिस्क स्वतःच्या नावाने समोर येत नाही, साटा (जुन्या पद्धतीची डिस्क जोडणी) कंट्रोलरच्या आडून येते. विंडोजकडे इंटेलचा ड्रायव्हर असतो, त्याला ती दिसते. लिनक्सला फक्त कंट्रोलर दिसतो. कंपन्या लॅपटॉप कारखान्यातूनच या अवस्थेत पाठवतात, मग आत एकच डिस्क का असेना. एकाच डिस्कवर रेड ठेवून गिऱ्हाइकाला काय मिळतं, हे मला आजवर पटलेलं नाही. अकराव्या पिढीपासून हेच काम व्हीएमडी नावाने चालतं. त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे, त्यामुळे तिथे नव्या आवृत्तीला डिस्क दिसूही शकते. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाल्यांना ही कटकट सहसा नसते.

आता मुख्य काम. बायोसमध्ये जाऊन थेट एएचसीआय करू नका. विंडोज सुरू होताना त्याचा एएचसीआयचा ड्रायव्हर जागा नसतो, त्यामुळे निळा स्क्रीन येतो आणि 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून अडून बसतो. डेटा कुठे जात नाही, बायोसमध्ये परत रेड केलं की विंडोज पूर्ववत होतं, पण घाबरायला होतं. त्याऐवजी असं करा.

सगळ्यात आधी बॅकअप. मग बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की. होम आवृत्तीत याला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात आणि ते आपण कधी चालू केलं हे आठवत नसतानाही चालू असू शकतं. बायोसमधलं काही बदललं की विंडोज ४८ आकडी की मागू शकतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल. कागदावर लिहून घ्या किंवा मोबाइलमध्ये फोटो ठेवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर फाइल करून ठेवलीत तर उपयोग शून्य.

मग विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडा, 'बूट' टॅबवर 'सेफ बूट'ला टिक करा, 'मिनिमल' ठेवा. रीस्टार्ट करताना बायोसमध्ये शिरा, स्टोरेज किंवा साटाचं सेटिंग शोधा आणि रेड, आरएसटी किंवा ऑप्टेन असं जे काही लिहिलं असेल ते बदलून एएचसीआय करा. सेव्ह करा. विंडोज सेफ मोडमध्ये उठेल आणि त्या गडबडीत एएचसीआयचा ड्रायव्हर आपसूक जागा होईल. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड पाठ असू द्या. आत गेलात की एमएसकॉन्फिगमधली टिक काढा आणि पुन्हा रीस्टार्ट. संपलं.

बायोसमध्ये तो पर्यायच दिसत नसेल तर लगेच हार मानू नका. एसरच्या बऱ्याच मॉडेलवर 'मेन' टॅबवर असताना कंट्रोल आणि एस दाबलं की लपलेली ओळ प्रकट होते. काही लॅपटॉपवर मात्र कंपनीने तो पर्याय ठेवलेलाच नसतो. तिथे आधी बायोस अपडेट करून बघा.

विंडोजमध्ये आहातच तर आणखी दोन कामं उरका. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की शटडाऊन म्हणजे खरं शटडाऊन नसतं, विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्समधून सी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. आणि डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह लहान करून ८० ते १०० जीबी मोकळी करा. ही काटछाट विंडोजलाच करू द्या.

इन्स्टॉलरमध्ये आता डिस्क दिसेल, पण तिचं नाव एसडीए असं नसेल. एनव्हीएमई शून्य, एन एक, पी एक, पी दोन अशी नावं असतील. शून्य हा कंट्रोलर, एन एक ही नेमस्पेस, आणि पी पुढचा आकडा पार्टिशनचा. मोकळ्या जागेत एकच ईएक्सटी-फोर पार्टिशन रूट, म्हणजे उबुंटूची मुख्य जागा, म्हणून करा. स्वॅपची (रॅम कमी पडली की वापरायची) फाइल उबुंटू स्वतः बनवतं. ईएफआय पार्टिशन विंडोजचंच वापरायचं, बहुतेक वेळा ते १०० एमबीचं असतं आणि उबुंटूला पुरतं. ते फॉरमॅट करायची टिक चुकूनही लावू नका, विंडोजचा बूट लोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) तिथेच राहतो. पॉप ओएससारखं दुसरं लिनक्स टाकणार असाल तर गोष्ट वेगळी, ते कर्नलही तिथेच ठेवतं आणि १०० एमबी अपुरी पडते.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेले बूट लोडर चालू देणारं सेटिंग) बंद करा असा सल्ला सगळीकडे मिळेल. उबुंटूसाठी गरज नाही, त्याचा बूट लोडर मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो. काही नव्या लॅपटॉपवर तेवढं बायोसमध्ये 'थर्ड पार्टी' सर्टिफिकेटला परवानगी द्यावी लागते. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकलात तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगेल आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर 'एनरोल मॉक' असं विचारलं जाईल. तिथे तोच पासवर्ड द्यायचा. घाईत 'कंटिन्यू बूट' केलंत तर ड्रायव्हर चालणार नाही.

इन्स्टॉल होऊनही लॅपटॉप सरळ विंडोजमध्ये गेला तर उबुंटू गायब झालेलं नाही. युईएफआयच्या, म्हणजे नव्या बायोसच्या, यादीत कोण पहिला हा प्रश्न आहे. बायोसच्या बूट ऑर्डरमध्ये 'उबुंटू' वर सरकवा. उलट ग्रबच्या, म्हणजे उबुंटूच्या बूट लोडरच्या, मेनूत विंडोज दिसत नसेल, तर ते ग्रब २.०६ पासूनचं धोरण आहे: २०२१ मध्ये आलेल्या या आवृत्तीने इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवला. ग्रबच्या डिफॉल्ट सेटिंगच्या फाइलमध्ये तो चालू करून अपडेट-ग्रब चालवा.

एक दिवस विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसेल. बॅटरी गेली नाही. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात युटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहितं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. टाइमडेटसीटीएलने लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितलं की भांडण मिटतं.

राहिला दुकानदार. त्याचा सल्ला जुन्या काळातला आहे. साटा एसएसडीसाठी ट्रिमची सोय लिनक्स कर्नलमध्ये २०१० साली, २.६.३३ मध्ये आली. त्याआधी डिस्कला कोणते ब्लॉक रिकामे झाले हे कळतच नसे. आज उबुंटूत एफएसट्रिमचा टायमर आपोआप चालू असतो, आठवड्यातून एकदा काम करतो, आणि लॅपटॉप तेव्हा बंद असेल तर सुरू झाल्यावर उरकून घेतो. तुम्हाला काही करायचं नाही. ५०० जीबीच्या आसपासच्या चांगल्या डिस्कला ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी सर्रास असते. रोज २० जीबी लिहिलंत, जे साध्या वापरात भरपूर झालं, तरी हिशेब १५,००० दिवसांचा होतो, म्हणजे ४१ वर्षं. त्याआधी बिजागरी तुटेल. तेव्हा स्वॅप बंद करा, लॉग रॅममध्ये ठेवा, ब्राउझरची कॅश हलवा असले उपद्व्याप करू नका. ८ जीबी रॅम असेल तर स्वॅप हवाच.

तरी जिवाला घोर लागला तर स्मार्टमॉनटूल्स टाका आणि स्मार्टसीटीएलने डिस्कचा अहवाल काढा. त्यात 'परसेंटेज यूज्ड' नावाची ओळ असते. आज तो आकडा टिपून ठेवा, वर्षभराने पुन्हा बघा, आणि हवं तर दुकानात जाऊन दाखवा.