वाचकांचे प्रश्न : हत्तीवर वाघ बसायचा कसा?

प्रश्न : जुन्या सर्कशींच्या जाहिरातींत हत्तीच्या पाठीवर वाघ बसलेला दिसतो. हे खरंच व्हायचं का? आमच्याकडे सगळे म्हणतात, वाघाला गुंगीचं औषध देत असणार.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : खरंच व्हायचं. गुंगीतला वाघ या खेळात काहीच कामाचा नाही. त्याला उंच स्टुलावरून उडी घेऊन चालत्या पाठीवर तोल सांभाळायचा असतो.

शिवाय या खेळात अवघड वाघ नसतो, हत्ती असतो. वाघाचा नुसता वास आला तरी हत्ती बिथरतो, आणि बिथरलेल्या तीन टनांच्या जनावरापुढे रिंगणाचे गज टिकत नाहीत. म्हणून आधी दोघांना दिसेल, वास येईल, पण पोचता येणार नाही असं शेजारी बांधायचं. हत्ती शांतपणे चारा खाऊ लागला की पुढची पायरी. सहसा हत्तीणच घेतात, कारण नर मस्तीत आला की त्याचा भरवसा नाही.

वाघाची तालीम वेगळी चालते. आधी ठरलेल्या स्टुलावर बसणं, मग हत्तीच्या उंचीच्या लाकडी चौथऱ्यावर उडी. दर वेळी काठीच्या टोकाला मांसाचा तुकडा. बक्षीस देऊन शिकवण्याची ही रीत हॅम्बुर्गचे जनावरांचे व्यापारी कार्ल हागेनबेक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. त्याआधी चाबूक आणि आरडाओरडा यांवरच भर असे.

खरी मेख गादीत. हत्तीच्या पाठीवर जाड गादी, वर सपाट बैठक, आणि पोटाखालून घट्ट तंग, म्हणजे गादी बांधायचा पट्टा. तंग सैल राहिला तर गादी कलते, वाघ घसरतो, सावरायला नखं रोवतो, आणि ती कातडीत गेली की हत्ती उधळतो. वाघाच्या मनात काही नसतानाही अपघात होतो तो असा. माहूत हत्तीच्या तोंडाशी उभा राहून सतत बोलत राहतो. प्रेक्षकांचं लक्ष त्याच्याकडे जात नाही, पण खेळ निम्मा त्याचाच.

हा खेळ परदेशात गाजवला जनावरांना शिकवणारे गुंथर गेबेल-विल्यम्स यांनी. 1969 पासून ते अमेरिकेत रिंगलिंग सर्कशीत होते.

प्रश्न : भारतीय सर्कशीची सुरुवात सांगली भागातल्या माणसाने केली, हे खरं का?
— एक वाचक, पलूस

उत्तर : हो. विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे. 1880 मध्ये त्यांनी ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. ते मूळचे घोड्यांचे उस्ताद. इटालियन किआरिनीची सर्कस मुंबईत आली, तिच्या तोडीची देशी सर्कस काढायची ही त्यांची ईर्षा. पुढे म्हैसाळची देवल सर्कस आणि तासगावची परशुराम लायन सर्कस याच पट्ट्यातल्या.

प्रश्न : आता असे खेळ का दिसत नाहीत?
— एक वाचक, कराड

उत्तर : 1998 च्या केंद्रीय अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल आणि माकड यांच्या खेळांवर बंदी आली, सर्वोच्च न्यायालयाने ती 2001 मध्ये कायम केली. त्या यादीत हत्ती नव्हता, म्हणून वाघ गेल्यावरही तंबूत हत्ती काही वर्षं दिसत राहिले.